मलिक अंबर व खडकीची नहर

पाणी आपण होऊन कधी चढ चढत नाही. उतार मिळाला की मात्र ते कोणी न सांगता धावू लागते. शेतात दारे धरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ही गोष्ट ठाऊक असते. आज वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या गावी विहिरीचे पाणी विजेच्या पंपाने उंच टाकीत चढविता येते. एकदा ते उंचावर पोचले, म्हणजे पुढे घरोघरच्या नळांपर्यंत जाण्यास त्याला पंपाची गरज उरत नाही. स्वतःच्या भारानेच ते खाली उतरते. परंतु चारशे वर्षांपूर्वी वीज नव्हती आणि विजेचे पंपही नव्हते. त्या काळी वऱ्हाडच्या पश्चिमेस, जालन्याच्या पलीकडे, एका पुरुषाने संपूर्ण नगरास जमिनीखालून वाहते पाणी आणून दिले. त्या पुरुषाचे नाव मलिक अंबर. दक्षिणेच्या इतिहासात तो थोर सेनापती व चतुर कारभारी म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्या आयुष्याची सुरुवात मात्र गुलामगिरीत झाली होती.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिका खंडातील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्या देशातून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी असे म्हणत. बालपणी त्याचे नाव चापू होते. खेळण्याबागडण्याच्या वयातच तो आईबापांना अंतरला आणि गुलाम म्हणून विकला गेला. त्या काळी गुरांप्रमाणे माणसांचेही बाजार भरत असत. एका धन्याने विकावे, दुसऱ्याने विकत घ्यावे, असे होत होत हा मुलगा तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानात आणि तेथून बगदाद शहरात गेला. तेथे मीर कासीम नावाचा धनी त्याला भेटला. या धन्याने मुलाची बुद्धी ओळखली. त्याने त्याला लिहावयास वाचावयास शिकविले, इस्लाम धर्माची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव ठेवले. गाव, घर व नाव ही तिन्ही हरपलेल्या त्या मुलाजवळ आता विद्या हे एकच धन होते. आणि ते धन कोणाला विकून टाकता येण्यासारखे नव्हते.

पुढे इ. स. १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर समुद्रमार्गे दक्षिण हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान, चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान हा स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता. आपल्या गुणांच्या बळावर तो प्रधानपदापर्यंत चढला होता. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्याचा कारभार जवळून पाहिला. सैन्य कसे उभारावे, सारा कसा आकारावा, हे सर्व त्याने लक्षपूर्वक न्याहाळले. अहमदनगर शहराला डोंगरपायथ्याच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालील नळांनी आणलेले होते. बगदादकडील मुलुखातही जमिनीखालून पाणी नेण्याची विद्या पुरातन काळापासून नांदत होती. अंबरच्या चौकस दृष्टीतून या गोष्टी सुटल्या नसाव्यात.

काही वर्षांनी चंगीझखान मरण पावला आणि अंबरला स्वातंत्र्य मिळाले. आता तो कोणाचा गुलाम नव्हता. पण त्याला कोणाचा आधारही नव्हता. तो शिपाईगिरी करू लागला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. नंतर आपले थोडेसे घोडेस्वार बरोबर घेऊन तो पुन्हा निजामशाहीत आला.

तो काळ निजामशाहीच्या मोठ्या संकटाचा होता. दिल्लीपती अकबर बादशहाची प्रचंड फौज दक्षिणेत उतरली होती. इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. आता हे राज्य बुडाले, असेच सर्वांना वाटले. परंतु मलिक अंबरने धीर सोडला नाही. त्याने राजघराण्यातील मुर्तजा यास परांडा येथे गादीवर बसविले आणि राज्याची घडी नव्याने बसविण्यास आरंभ केला. मोगलांच्या अफाट फौजेपुढे उघड्या मैदानात आपला निभाव लागणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने डोंगरदऱ्यांचा आश्रय घेतला. चपळ मराठा घोडेस्वारांच्या साह्याने शत्रूची रसद तोडावी, त्याच्यावर अवचित छापा घालावा आणि तो सावध होण्यापूर्वी दिसेनासे व्हावे, अशी त्याची रीत होती. या गनिमी काव्याने मोगल सरदार जेरीस आले. इ. स. १६१० पर्यंत अहमदनगरचा किल्लाही त्याने परत मिळविला.

याच सुमारास त्याने राजधानीसाठी नवी जागा निवडली. दौलताबादच्या बळकट किल्ल्यापासून जवळच खाम नदीच्या काठी खडकी नावाचे लहानसे गाव होते. इ. स. १६१० मध्ये अंबरने तेथे नवे नगर वसविण्यास प्रारंभ केला. रस्ते आखले गेले, मशिदी व वाडे उभे राहिले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून इ. स. १६१२ मध्ये त्याने भडकल दरवाजा बांधला. दूरदूरचे व्यापारी, कारागीर व शिपाई आपापली बिऱ्हाडे घेऊन खडकीस येऊ लागले.

नगर वाढू लागले, तशी पाण्याची चिंताही वाढू लागली. खडकीच्या परिसरात थोड्याशा मातीखाली काळा कठीण पाषाण लागतो. अशा खडकात विहीर खणणे हे कष्टाचे काम, आणि खणलेल्या विहिरीला भरपूर पाणी लागेलच असा भरवसा नाही. खाम नदीला पावसाळ्यात पूर येई, पण उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडे. विहिरीतून पाणी वर काढावयाचे तर त्या काळी मोट व रहाट हीच साधने होती. एका मळ्यापुरते पाणी बैलजोडी काढील. पण हजारो माणसे, घोडे, हत्ती व उंट यांना रोज पुरेल एवढे पाणी मोटेने किती काढावे? त्यासाठी बैल किती बाळगावे आणि दुष्काळात त्यांना वैरण कोठून आणावी? पाण्यावाचून राजधानी टिकणार नव्हती. मोठ्या हौसेने वसविलेली नगरे पाण्याच्या टंचाईमुळे ओस पडल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत.

अंबरची दृष्टी उत्तरेकडील डोंगरांकडे वळली. हर्सूलच्या बाजूस असलेले हे डोंगर खडकीहून उंच आहेत. त्यांवर पडणारे पावसाचे पाणी सगळेच ओढ्यानाल्यांतून वाहून जात नाही. त्यातील काही मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरते. मग ते जमिनीखालून अगदी सावकाश खालच्या दरीकडे झिरपत राहते. वर नदीचे पात्र कोरडे दिसत असतानाही खालच्या वाळूत व मुरमात ओल असते. नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरणाऱ्या बायकांना हे ठाऊक असते. अंबरने या झिऱ्याचाच मोठ्या प्रमाणावर उपयोग करावयाचे ठरविले. दिसणाऱ्या पाण्यावर विसंबून न राहता त्याने लपलेल्या पाण्याचा शोध घेतला.

ही कल्पना ऐकून अनेकांना ती अशक्य कोटीतली वाटली, असे सांगतात. डोंगराखालचे पाणी गोळा करावे, ते जमिनीच्या पोटातून खडकीपर्यंत आणावे आणि तेही माणसाच्या वा जनावराच्या बळावाचून, ही गोष्ट सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरची होती. परंतु अंबरने ती हाती घेतली आणि इ. स. १६१७ च्या सुमारास तडीस नेली. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय. नहर म्हणजे कालवा. मात्र हा कालवा उघडा नव्हता. तो जमिनीखाली बांधून काढलेला होता.

नहर-ए-अंबरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रथम डोंगराच्या बाजूस, जेथे पाणी झिरपत होते, तेथे जमिनीत खोल चर खणून दगडी बांधकामाचा बोगदा करण्यात आला. आजूबाजूचे मुरलेले पाणी त्यात पाझरून जमू लागले. तेथून हा बोगदा शहराच्या दिशेने नेला. जमिनीखालून असल्यामुळे उन्हाने पाणी आटत नसे, त्यात केरकचरा पडत नसे आणि शत्रूच्या दृष्टीसही ते पडत नसे. मार्गावर ठिकठिकाणी वरून माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवलेली होती. त्यांतून आत हवा जाई आणि साचलेला गाळ वेळोवेळी काढता येई.

या सर्व कामात खरी कसोटी होती ती उताराची. उतार फार तीव्र झाला, तर पाणी जोराने धावून बांधकाम झिजवील. उतार फारच मंद झाला, तर पाणी रेंगाळेल आणि गाळ बसून मार्ग बुजेल. मध्येच एखाद्या ठिकाणी तळ उंच राहिला, तर पाणी तेथेच तुंबेल. म्हणून वर जमीन कशीही उंचसखल असली, तरी खाली बोगद्याचा उतार सारखा राखावा लागे. अशा कामात एका ठिकाणी झालेली चूक पुढच्या सर्व श्रमांवर पाणी फिरवू शकते. ज्या गवंड्यांनी, पाथरवटांनी आणि मजुरांनी काळोखात, दिव्याच्या उजेडात हे काम केले, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांच्या हातांची कसोशी त्या बांधकामात दिसून येते.

बोगद्यातून आलेले पाणी शहराच्या उत्तरेस गायमुख नावाच्या ठिकाणी एका हौदात जमा होई. हा हौद शहराच्या वस्तीपेक्षा उंचावर होता. तेथून पुढे पाणी बंद नळांतून शहरातील निरनिराळ्या हौदांत जात असे. एका हौदातून दुसऱ्या हौदात पाणी नेण्यासाठी कोणी मोट ओढीत नव्हते की घागरी वाहत नव्हते. वरच्या हौदातील पाण्याचा भारच त्याला खाली व पुढे ढकलीत होता.

बंद नळात पाण्याचा आणखी एक गुण कामी येतो. चहाच्या किटलीत पाणी भरले, तर किटलीत ते जेवढ्या उंचीवर असते, तेवढ्याच उंचीवर तिच्या तोटीतही असते. तोटी किटलीच्या तळाजवळून निघालेली असली, तरी पाणी तीत वर चढते व बरोबर तेवढीच पातळी गाठते. परस्परांना जोडलेल्या भांड्यांत पाणी नेहमी एकच पातळी धरण्याचा प्रयत्न करते. नहरीच्या नळांचेही तसेच आहे. नळ मध्येच एखाद्या सखल जागेतून गेला, तरी त्यातील पाणी पुढच्या चढावर पुन्हा वर येते. मात्र ते मूळ हौदाच्या पातळीहून उंच कधीही जाऊ शकत नाही. उलट, नळाच्या आतील बाजूस घासत जाताना त्याचा थोडा जोर खर्च होतो, म्हणून ते मूळ पातळीच्या किंचित खालीच राहते. शहरातील प्रत्येक हौद कोठे व किती उंचीवर बांधावा, हे या नियमास धरूनच ठरवावे लागे.

या धर्तीच्या नहरींवर जागोजाग उंच चौकोनी दगडी मनोरे उभे केलेले असत. त्यांना बंब म्हणत. नळातील पाणी मनोऱ्यात एका बाजूने वर चढे, माथ्यावरील लहान कुंडात पडे आणि दुसऱ्या बाजूच्या नळाने पुन्हा खाली उतरे. पाणी वर चढवून परत खाली आणण्याचा हा खटाटोप अनेकांना निरर्थक वाटेल. पण त्यामागे मोठा हेतू होता. लांबच लांब बंद नळात हवा कोंडून राहिली, तर पाण्याची वाट अडते. पाण्याचा दाब फार वाढला, तर नळ फुटतात. मनोऱ्याच्या माथ्यावर कोंडलेली हवा निघून जाई आणि वाढलेला दाबही ओसरे. मग पाणी पुढच्या टप्प्याच्या प्रवासास शांतपणे लागे.

ही नहर बांधली जात होती, ती वर्षे शांततेची नव्हती. इ. स. १६१६ मध्ये वऱ्हाडातील बाळापूरच्या ठाण्यातून मोगल फौज निघाली. जालन्याजवळ रोशनगाव येथे तिने अंबरचा पराभव केला आणि मग ती खडकीवर चालून आली. अंबरने कौतुकाने उभारलेल्या इमारती शत्रूने पाडल्या व जाळल्या. सहा वर्षांचे श्रम थोड्या दिवसांत मातीस मिळाले. दुसरा कोणी असता, तर त्याने ती जागा सोडून दिली असती. अंबर मात्र पुन्हा खडकीसच परतला आणि त्याने नगर पुन्हा उभे केले. इ. स. १६२१ मध्ये मोगलांनी खडकीचा दुसऱ्यांदा विध्वंस केला. जमिनीवरचे पुष्कळसे नष्ट झाले. जमिनीखालची नहर मात्र टिकली. नगर पुन्हा वसावयास पाणी होते, म्हणून माणसे परत आली आणि राखेवर नवी घरे उभी राहिली.

मलिक अंबरचे लक्ष केवळ राजधानीवरच नव्हते. त्या काळी गावचा सारा वसूल करण्याचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार रयतेस नाडीत असत. अंबरने ही पद्धत मोडली. जमिनीचा कस व पिकाचे उत्पन्न पाहून त्याने सारा ठरविला आणि वसुलीच्या कामी गावच्या पाटलास मान दिला. त्यामुळे शेतकऱ्यास धीर आला व पडीक जमिनी लागवडीस आल्या. त्याच्या या व्यवस्थेची कीर्ती पुढे अनेक पिढ्या टिकून राहिली.

इ. स. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी मोठा पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले. शत्रूच्या छावणीभोवती पाणी खेळवून चिखल करून टाकण्याची युक्ती अंबरने या लढाईत योजिली होती. पाण्याचे सामर्थ्य तो अशा रीतीने रणांगणावरही जाणून होता. त्यानंतर दोन वर्षांनी, इ. स. १६२६ च्या मे महिन्यात, वयाची पंचाहत्तरी उलटलेली असताना तो मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. ज्या मोगलांशी त्याने आयुष्यभर झुंज दिली, त्यांच्या दरबारातील इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याची थोरवी मान्य केली.

अंबरच्या मागून थोड्याच वर्षांत निजामशाही संपुष्टात आली. खडकीचे नावही पालटले. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, तिला फत्तेनगर म्हटले. इ. स. १६५३ मध्ये शहाजादा औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिले. इ. स. २०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. राज्ये बदलली, नावे बदलली, तरी पाण्याची ही रीत चालू राहिली. पुढच्या काळात अंबरच्या धर्तीवर या शहरात आणखी अनेक नहरी बांधल्या गेल्या. त्यांपैकी एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरे. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या बळाने जात्याची तळी फिरत आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. ही पाणचक्की पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात.

शहर वाढत गेले, तसे नहरींचे पाणी त्याला अपुरे पडू लागले. आज या शहराला पैठणजवळच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे पाणी मिळते. हे धरण शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे. त्यामुळे तेथील पाणी प्रचंड पंपांनी वर चढवावे लागते आणि त्यासाठी अहोरात्र वीज खर्ची पडते. पंपाने पाणी उंच नेता येते, ही माणसाने मिळविलेली मोठीच शक्ती आहे. पण पंप थांबला की पाणीही थांबते. अंबरच्या नहरीत तसे थांबण्यासारखे काही नव्हते. तिला फक्त वेळच्या वेळी गाळ काढणारे हात हवे होते. ज्या ठिकाणी त्या हातांनी निगा राखणे सोडले आणि नहरीवर घरे व रस्ते चढविले, तेथे ती फुटली वा बुजली. तरीही चारशे वर्षांनंतर तिचे अवशेष जमिनीखाली शिल्लक आहेत.

लहानपणी ज्याला स्वतःचे घर उरले नाही, त्या मलिक अंबरने परक्या देशात हजारो घरांना पाणी दिले. डोंगर कोठे आहे, उतार कोणीकडे आहे आणि पाणी कोठे मुरते, हे त्याने आधी नीट पाहिले आणि मगच कुदळ मारली. कोणत्याही गावी पाण्याची सोय करताना आजही पहिले काम तेच करावे लागते.